वगळायच्या यादीतली एक ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं करायला नाही. स्वतःची चीड येते, म्हणून.

नगरला आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. तिथं कोड नीटनेटका करणारं एक टूल आहे, फॉर्मॅटर. जादा मोकळ्या जागा दिसल्या की ते पुसून टाकतं. ज्या फायलींना त्यानं हात लावायचा नाही, त्यांची नावं एका यादीत लिहायची. ती यादी माझ्या ताब्यात. आणि मला अपवाद खपत नसत — मोठा शिस्तीचा पुतळा मी!

वैशाली जामखेडकडची. आईवडील ऊसतोडीला जाणारे, नोकरीला लागून तिला चार महिने झालेले. पारनेरकडच्या पाण्याच्या टँकरचा तक्ता तिनं केला होता. तिथला जुना प्रिंटर जागा मोजून छापायचा, म्हणून गाव आणि वार यांच्यामधली प्रत्येक मोकळी जागा तिनं बोट ठेवून मोजलेली. फाईलचं नाव यादीत टाकून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, ही ओळ तेवढी काढू नका. लई जपून बसवलंय."

मला शिकवतेस? — एवढंच डोक्यात गेलं. संध्याकाळी मी ती ओळ काढली. 'साफसफाई' असा शेरा लिहिला आणि घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी फॉर्मॅटर फिरला. मोकळ्या जागा पुसल्या जाऊन रकाने एकमेकांना चिकटले, वार भलत्याच गावांपुढे छापले गेले. एका वस्तीवर चार दिवस टँकर गेला नाही.

साहेबांनी विचारलं, तेव्हा मी काय म्हणालो? फाईल वैशालीची आहे, म्हणालो. खोटं कुठं होतं त्यात — हाच तर नीचपणा! तिनं यादी उघडली, ओळ नव्हती. "टाकली हुती सर... का माझ्याकडूनच राहिली? जुन्या नोंदी बघू का?"

कुणी काय पुसलं, ते त्या नोंदींत नावानिशी असतं. मी तिच्यावर ओरडलो. आधी स्वतःची चूक कबूल करायला शिक, म्हणालो. मी!

आणि तिनं केली कबूल. माझी चूक, साहेबांपुढे उभी राहून, स्वतःच्या तोंडानं. आठवड्याभरात तिला काढलं.

ती गेल्यावर ओळ मी परत टाकली. साहेब म्हणाले, अनुभवी माणूस तो अनुभवीच. मी हसलो — हो, हसलो.

काढल्याची आणि टाकल्याची, दोन्ही नोंदी तिथंच आहेत. दोन्हींपुढे माझं नाव. अजून कुणी उघडून बघितलेल्या नाहीत. बघू का म्हणून एकटीनंच विचारलं होतं.