उंबराखालचे जड देव

चहा आधी संपवा, मग सांगतो. मधेच हसू आलं तर ठसका लागेल, आणि माझ्या मूर्खपणापायी कुणाचा जीव जायला नको.

आमच्या मळ्यातली विहीर लई खोल. हिंजवडीत नोकरी करणारा सलील आमच्याकडं खोली घेऊन राहतो आणि रविवारी त्या विहिरीत लोकांना तळाला जायला शिकवतो. पाठीवर हवेची टाकी, कमरेला वजनांचा पट्टा. पट्टा नसला तर माणूस बुचासारखा वर येतो, हे मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.

त्या शनिवारी पिरंगुटच्या बाजारातून आलो, तर अंगणात उंबराखाली शेंदरी दगड ओळीनं मांडलेले. सकाळी नव्हते. तुम्ही काय समजला असता? मी एक उचलायला गेलो. आकार साबणाच्या वडीएवढा, पण हात खाली ओढला गेला. बोटांना शेंदूर लागला, ओला. म्हणजे नुकतेच प्रकटलेले! मी चपला काढल्या.

"अगं, बाहेर ये. देव आलेत," मी बायकोला हाक मारली.

"कुटं?"

"उंबराखाली. स्वयंभू."

दिवेलागणीला अख्खी वाडी जमली. हळदकुंकू, फुलं, अगरबत्ती. मी हौसेनं नारळ फोडला, तोही थेट एका देवावर. आरती चालू असतानाच सलील आला आणि त्यानं मला बाजूला ओढलं.

"काका, ती माझी वजनं आहेत. शिशाची."

"देव हायेत ते," मी म्हटलं.

"उघडं शिसं हाताला लागतं, पोटात गेलं तर विष. म्हणून तर हातमोजे घालून साफ केली आणि वरून रंगाचा जाड थर देऊन इथं वाळत ठेवली. गढूळ पाण्यात दिसावीत म्हणून भगवा घेतला. तुम्ही नारळानं तो थरच फोडलात. प्रसाद वाटला का?"

"वाटायचाय."

"तो नारळ टाकून द्या. आणि आधी सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावा."

देव कडक हाय, असं सांगून मी वाडीला मोरीपाशी रांगेत उभं केलं.

पण सकाळी सलीलचे विद्यार्थी येणार, त्यांना वजनं हवीतच. खरं बोलावं तर वाडीत तोंड दाखवायची सोय नाही. शेवटी मी जाहीर केलं, "मला दृष्टान्त झालाय. उद्या विहिरीत विसर्जन."

सलीलनं थर फुटलेलं वजन पिशवीत बांधून बाजूला ठेवलं. बाकीच्यांच्या रंगात कुंकू चिकटलं ते चिकटलंच.

सकाळी ताशा वाजवत वाडी विहिरीवर हजर. काळ्या कपड्यांतली माणसं कमरेला देव बांधून उभी.

"हे कोण?" माझ्या म्हाताऱ्या आत्यानं विचारलं.

"देवाला तळाला पोचवणारे सेवेकरी."

एकेक जण पाण्यात उतरला आणि दिसेनासा झाला. वर नुसते बुडबुडे. ताशेवाल्याचे हात आपोआप थांबले. याच विहिरीत मी पोहायला शिकलो, पण तिचा तळ कधी पाहिला नाही. तिथं आता माणसं श्वास घेत बसलीत, या विचारानं माझे हात खरोखर जोडले गेले. आपण थाप मारलीय हेही मी विसरलो. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो, "पुढच्या वर्षी लवकर या!"

लोक पांगायच्या आत पाणी खळबळलं आणि सगळे वर आले. कमरेला देव, जसेच्या तसे. सलीलनं तोंडातली नळी काढली.

"काका, दुसरी बॅच पाठवा."

वाडीनं आधी पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

आत्या म्हणाली, "पुढलं वरीस लागलं व्हय रं?"