बाईंच्या बाहीचं बटण

मी शिवणकाम करते. माझी नववीतली लेक पंक्चरचं सोल्युशन हुंगते, हे मला तिच्या युनिफॉर्मच्या खिशाच्या वासावरून कळलं. पहिल्या व्यसनमुक्ती केंद्रात पोरांना नुसतं कोंडून ठेवायचे, म्हणून तिला तिथून काढून इथं आणलं. इथल्या समुपदेशक बाईंशी ती तासन्‌तास बोलते. माझ्याशी फक्त हो किंवा नाही. जीव माझा टांगणीला आणि गप्पा बाईंशी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आज बाई बाही पुढे करून कौतुकानं म्हणाल्या, "तुटलेलं बटण हिनंच लावलं."

घरी शंभरदा सांगूनही या पोरीनं कधी सुई हातात धरली नाही. खोट काढायला मी वाकून पाहिलं. गाठ बटणाखाली लपवली होती, थेट मी लपवते तशी.