साहेबांची नजर

डॉक्टरांना स्वतःच्या हाताचं भारी कौतुक. गळू फोडायचं, चामखीळ काढायची, रुतलेलं नख उपटायचं, दोन टाके घालायचे; पडद्यामागच्या टेबलावर सगळं पाच मिनिटांत उरकायचं. काढलेला तुकडा ते चिमट्यात धरून उजेडाकडे करायचे, एक डोळा मिटायचे आणि "साधाच आहे" म्हणून बादलीत टाकायचे. झाली तपासणी! तुकडा लॅबला पाठवू या का, असं सिस्टरने विचारलं की म्हणायचे, "का, माझी नजर कमी पडली?"

सिस्टर एकोणीस वर्षं ही नजर सोसत होती. हत्यारं उकळणं तिचं, ड्रेसिंग तिचं, बादली रिकामी करणं तिचं, घाबरलेल्या पेशंटचा हात धरणं तिचं; नाव मात्र साहेबांचं. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं ती घरी रोज म्हणायची. दवाखान्यात कधीच नाही.

मग तिची धाकटी बहीण टाचेवरचा काळा तीळ दाखवायला आली. चार महिन्यांत दुप्पट झाला होता, चपलेला लागून रक्त यायचं. डॉक्टरांनी कापला, उजेडाकडे धरला. "साधाच आहे."

सिस्टरने बादली पायाने मागे सारली आणि लॅबला तुकडा पाठवायची औषधाची बाटली पुढे केली. "यात टाका, सर."

"अगं, उगाच कशाला..."

"माझी बहीण आहे. टाका."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर होता, पण लवकर सापडलेला. टाचेची आणखी थोडी कातडी काढली की बहुतेक निभावेल, असं मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनने सांगितलं. दोघी बहिणी आधी रडल्या, मग वेड्यासारख्या हसल्या.

आणि आमचे साहेब? बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी वेळेत काढला म्हणून वाचली हो पोरगी!"

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि ज्यांच्या बहिणी इथं कामाला नव्हत्या, त्यांचं काय, सर?"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. बाकावरचे शिंपीकाका मात्र उठले. गेल्या वर्षी त्यांच्या मानेवरची गाठ याच टेबलावर काढली होती.

"सिस्टर, माझी गाठ तपासायला पाठवली होती ना?"

एकोणीस वर्षं तिला फक्त डॉक्टरांचाच राग येत आला होता.

"नाही, काका," ती म्हणाली. "मीच फेकून दिली."