मधली टाकी

समोरच्याचं मनगट धरायचं आणि त्याचा तळहात सरळ तापलेल्या पाइपवर टेकवायचा, ही भाऊंची बोलणं सुरू करायची पद्धत होती. "आधी हात लावा, मग बोला." नमस्कार नाही, चमत्कार नाही. चर्चचे पाळकसाहेब असोत, वसतिगृहाचे अध्यक्ष असोत की आमच्या खात्याचे वरून आलेले साहेब, प्रत्येकाचा हात त्या पाइपला लागायचा आणि प्रत्येकजण तो झटकन मागे घ्यायचा. मग भाऊ म्हणायचे, "हे वरून फुकट येतंय. आणि तुम्ही लाकडं फोडत बसलात."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. पाच मिनिटं त्याच्यासमोर उभं राहिलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं. मेहरूणला त्यांची पत्र्याची शेड होती आणि मूळ धंदा कूलरचा. जळगावात कूलर बनवणाऱ्याला बसून राहायची वेळ येत नाही. पण एका उन्हाळ्यात त्यांनी कूलरच्याच पत्र्याची एक पेटी केली, आत काळा रंग मारला, नळी फिरवली, वर काच बसवली. दुपारी त्या नळीतून आलेल्या पाण्याने त्यांची बोटं भाजली आणि हा गृहस्थ कामातून गेला. कूलरची गिऱ्हाइकं शेडच्या दारात उभी आणि हे छपरावर पेटीजवळ, असं रोजचं झालं.

ऐंशीच्या दशकात सौर योजनेच्या ऑफिसात मी नवीन लागलो होतो. नोकरी कच्ची होती. धर्मादाय संस्थांना, म्हणजे चर्च, वसतिगृहं, अनाथालयं, वृद्धाश्रम यांना सोलर बसवून द्यायचं, अशी योजना होती. जळगाव आणि धुळे असे दोन्ही जिल्हे आमच्याकडे. मी अर्ज भरायचो, तपासणी करायचो आणि काम झाल्याच्या दाखल्यावर सही करायचो. पाइप, पेट्या, टाक्या भाऊ बसवायचे. त्यांच्या राजदूत फटफटीवर मागे बसून मी जेवढा खानदेश पाहिला तेवढा नंतर सरकारी जीपमधूनही पाहिला नाही.

बंगलेवाल्यांची कामं ते घेत नसत. "बंगलेवाल्याला गरम पाणी दिलं तर तो अर्धा तास जास्त आंघोळ करतो. इथं एका बाईचं लाकडं आणणं वाचतं." भाऊ मूळचे धुळ्याकडचे. एरवी माझ्याशी बरं शहरी बोलायचे, पण डोकं फिरलं की अहिराणीवर यायचे, आणि त्यांचं डोकं दिवसातून दोनदा तरी फिरायचं.

एका वसतिगृहाने काय करावं? आम्ही पेट्या बसवून आलो आणि त्यांनी पेंटर बोलावून काचेवरच देणगीदाराचं नाव रंगवून घेतलं. पिवळ्या ऑइल पेंटने, वीतभर उंच अक्षरांत, चिरंजीवांच्या नावासकट. महिन्याने तक्रार आली, पाणी तापत नाही. भाऊ छपरावर चढले आणि बघतच राहिले. मग खिशातून ब्लेड काढून अक्षर अक्षर खरवडायला बसले. खाली अध्यक्ष ओरडतायत, वर भाऊ. "अहो, सूर्याले वाचता येत नही!" शेवटी चिरंजीव तेवढे कोपऱ्यात ठेवले. भाऊ म्हणाले, पोरगं लहान आहे, त्याची सावली कमी पडेल.

धुळ्याच्या पश्चिमेला एका लहानशा चर्चवर दिव्यासाठी पॅनेल लावलं तेव्हा दुपारी क्रुसाची सावली बरोबर त्यावर पडायची. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "भाऊ, राहू द्या, हा आशीर्वादच आहे." भाऊ म्हणाले, "आशीर्वाद चर्चवर राहू द्या, पॅनेलला ऊन लागतं." पाळकसाहेब हसले आणि स्वतः शिडी धरून उभे राहिले. अशा ठिकाणी भाऊंचा राग कुठल्या कुठे जायचा. ते तिथली भाकरी खायचे, जुन्या बॅटरीत पाणी कसं घालायचं ते दोन-तीन बायांना शिकवायचे आणि निघताना तिथल्या ख्रिस्ती मंडळींसारखंच "सलाम" म्हणायचे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तिकडे येतो. इतकी वर्षं टाळलं.

एक कुष्ठधाम होतं. चर्चच्या मंडळींनीच चालवलेलं, गावाबाहेर, लिंबाच्या झाडांत. तिथे चाळीसेक माणसं राहायची. बहुतेकांचा रोग बरा झालेला होता, पण हातापायांची संवेदना गेली ती गेली. त्यांना रोज हातपाय कोमट पाण्यात भिजवावे लागत, नाहीतर कातडी कोरडी पडून चिरते आणि त्या चिरेतून जखम होते. पाणी चुलीवर तापायचं आणि ते बघायचं काम झेलाबाईकडे होतं. झेलाबाईला बोटं नव्हती, पण तिचं डावं कोपर शाबूत होतं, त्याला गरमगार कळायचं. चाळीस माणसांच्या घमेल्यांत ती रोज सकाळी कोपर बुडवायची आणि सांगायची, "हाई चाली" किंवा "थांब, तपेल शे." तिने सांगितल्याशिवाय कोणी पाण्यात हात घालत नसे. हा तिथला कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून आमच्या अर्जातही आला नाही.

तिथे झुलाल नावाचा एक शिंपी होता. त्याच्या डाव्या हाताची बोटं गेलेली, उजव्या हाताला अंगठा आणि दोन बोटं उरली होती. तेवढ्यावर तो अख्ख्या कुष्ठधामाचे कपडे शिवायचा, शिवाय बाहेरच्या शाळेचे गणवेशसुद्धा. कपडे कोणी शिवलेत हे शाळेला सांगत नसत. सांगितलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

मार्च महिना होता. पेट्या बसल्या, टाकी बसली, पाइप भिंतीवरून खाली आला. नळ बसायचे होते. झुलाल बघायला आला आणि भाऊंनी सवयीने त्याचं मनगट धरलं. "आधी हात लावा."

झुलालने हात लावला. तो मागे घेतलाच नाही. तळहात पाइपवर ठेवून तो हसत भाऊंकडे बघत राहिला, आता पुढे काय बोलायचं असतं याची वाट बघत.

भाऊंनी त्याचा हात ओढून काढला. तळव्यावर पांढरा पट्टा उठला होता. झुलालला वाटलं आपलंच काही चुकलं. भाऊ तिथेच जमिनीवर बसले. मग म्हणाले, "कोनीच इचारं नही. मीबी इचारं नही."

दुसऱ्या दिवशी ते कागदावर आकृती काढून घेऊन आले. वरच्या टाकीचं पाणी सरळ नळाला जोडायचं नाही. मध्ये कंबरेइतक्या उंचीवर एक उघडी टाकी ठेवायची. तिच्यात गरम आणि गार एकत्र यायचं, झेलाबाई कोपर घालून बघणार, ती हो म्हणाली की मगच नळाची चावी फिरणार. त्यासाठी आठ दिवस हवे होते. पण उद्घाटन रविवारी ठरलेलं होतं. पाहुणे यायचे होते, पत्रिका छापून झाल्या होत्या. कुष्ठधामाचे सेक्रेटरी म्हणाले, मंजूर नकाशात मधली टाकी नाही. आमचे साहेब म्हणाले, मार्चअखेर आहे, काम पूर्ण दिसलं पाहिजे. भाऊंनी कोणाशी वाद घातला नाही. पाइपच्या तोंडाला लोखंडी बूच ठोकलं आणि निघून गेले.

ते बूच मी काढलं.

दुसरा प्लंबर जीपमध्ये घालून मी गेलो, बूच काढायला लावलं, सहा नळ बसवून घेतले आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली. आधी मेहरूणला जाऊन भाऊंना सांगून आलो होतो, कारण तेवढी लाज शिल्लक होती. म्हटलं, "भाऊ, उद्घाटन होऊ द्या. मधली टाकी नंतर बसवू, माझा शब्द."

भाऊ पत्रा कापत होते. मान वर न करता म्हणाले, "उद्घाटननंतर कोन येस?"

कोणी आलं नाही. मीसुद्धा नाही. नवीन वर्षाचे अर्ज होते, साहेबांचा दौरा होता. दिवसाला एक सबब मिळत गेली.

कुष्ठधामात मात्र लोक खुशीत होते. तोटी फिरवली की पाणी, कोणापुढे घमेलं धरून उभं राहायला नको. झेलाबाईला पहिल्यांदाच सकाळी काही काम उरलं नाही. एप्रिलच्या एका दुपारी झुलालने स्वतःचं स्वतः पाणी घेतलं, हात बुडवले आणि शेजारच्याशी गप्पा मारत बसला. दहा मिनिटं बसला असेल. हात बाहेर काढले तेव्हा शेजारचा ओरडला. झुलाल नाही ओरडला, त्याला काही कळलंच नव्हतं. पुढे जखमा चिघळल्या. उजव्या हाताचा अंगठा गेला, दोन्ही बोटं गेली. शिलाई मशीन कोपऱ्यात गेलं.

चौकशी झाली. तिचा अहवाल मीच लिहिला, साहेबांनी सांगितला तसा. 'लाभार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे.' लाभार्थी! ज्याला चटका कळत नाही त्याचा निष्काळजीपणा, आणि ज्यांना सगळं कळत होतं ते आम्ही जबाबदार अधिकारी. हे वाक्य मी टाइप करायला दिलं, तपासलं, त्यातली एक वेलांटी सुधारली. त्या संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवलोसुद्धा. मला आज कोणाचा सगळ्यात जास्त राग येत असेल तर त्या जेवणाऱ्या माणसाचा.

अहवालात आणखी एक ओळ होती, कारागिराने मंजूर नकाशाप्रमाणे काम करण्यास नकार दिला होता अशी. तेवढ्यावर भाऊंचं नाव आमच्या यादीतून कापलं. ते ऑफिसात आले. मला वाटलं आता टेबल उलटं करतील, आणि खरं सांगतो, करावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. ते खाली बघत ऐकत राहिले.

"खाले सही कोनी शे?"

"माझी."

"आनि त्या दाखलावर?"

"तीही माझीच."

त्यांनी मान हलवली, उठले आणि गेले. एक शिवी नाही. दिवसातून दोनदा डोकं फिरणारा माणूस त्या दिवशी माझ्यावर चिडला नाही, आणि मी मूर्खासारखा सुटलो असं समजलो.

पुढच्याच आठवड्यात ते कुष्ठधामात गेले. कूलरच्या पत्र्याची मधली टाकी स्वतः बनवून नेली होती. सेक्रेटरी फाटकात आडवे आले. म्हणाले, परवानगी लागेल. भाऊंनी टाकी डोक्यावर घेतली आणि चालत आत गेले. झेलाबाईचं काम तिला परत मिळालं. नंतर त्यांनी आधी पेट्या बसवलेल्या प्रत्येक संस्थेत जाऊन मधल्या टाक्या बसवल्या. वृद्धाश्रम, अंधशाळा, लहान मुलांचं अनाथालय, कुठेही बिल लावलं नाही. खात्याने कधी सांगितलं नाही, खात्याला कळलंही नाही. मनगट धरणं मात्र त्यांनी सोडलं. पुढे लोक स्वतःहून पाइपकडे हात न्यायला लागले तरी ते अडवायचे.

माझी नोकरी पक्की झाली. मग बढती मिळाली. वर्षातून एकदा मी कुष्ठधामात तपासणीला जात होतो. कोणी काही बोलायचं नाही. चहा यायचा. मी स्वतःला सांगायचो, यांना काय ठाऊक, सही कोणाची ते. बिचारी साधी माणसं.

नव्वदच्या दशकात, ऐन मे महिन्यात, शेडमध्ये काम करतानाच भाऊ गेले. कुष्ठधामात प्रार्थना ठेवली होती. सेक्रेटरी, तेच, भाऊंच्या दूरदृष्टीबद्दल पाच मिनिटं बोलले. दूरदृष्टी! मला बसवेना. मी न बोलावता उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की बूच मी काढायला लावलं, सही माझी होती, अहवालही माझाच. आवाज फार चढला होता. सेक्रेटरींकडे बोट करून त्यांनाही चार शब्द ऐकवले. मग मी झुलालकडे वळलो. म्हटलं, "तुझा हात माझ्यामुळे गेला. बोल मला काहीतरी."

झुलाल जरा अवघडला. मला अवघडल्यासारखं होतंय हे त्यालाच सहन होत नव्हतं.

"माहीत शे, साहेब. बठ्ठासले माहीत शे," तो बसलेल्या सगळ्यांकडे बघत म्हणाला. "भाऊनी तव्हयच सांगं व्हतं. म्हने त्यानी नवकरी कच्ची शे, पोरे धाकला शेतस. त्याले कोनी बोलू नका."

मला भाऊंचा राग आला. तो अजून गेलेला नाही. ऑफिसात त्यांनी टेबल उलटं केलं असतं, या माणसांनी मला एकदा फाटकातून हाकलून दिलं असतं, तर मी नीट जगलो असतो. भाऊंनी मला वाचवलं, आणि मला विचारलं नाही.

सात वर्षं मी तिथे तपासणीला जात होतो. सात वर्षं, मी फाटकातून आत आलो की झुलाल बोटं नसलेल्या दोन मनगटांत धरून माझ्यासाठी खुर्ची आणायचा, आणि मी तिच्यावर बसायचो.