भर प्रयोगात टॉवेल-टोपी

प्रयोग रंगात आला की पहिल्या रांगेतून प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर ऐकू यायची. मग दोन गुडघे कडकड वाजायचे. मग "तुमचं चालू द्या, तुमचं चालू द्या," असं नटाला सांगत एक सहाफुटी म्हातारा सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचा. पिशवीतून टॉवेल काढून नटाच्या खांद्यावर टाकायचा, डोक्यावर पांढरी टोपी चढवायचा, हात जोडायचा आणि आला तितक्याच सावकाश खुर्चीकडे परत जायचा. नट तोपर्यंत आपण कोण होतो हे आठवत असायचा.

आमच्या सोलापुरात जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली की पंधरा दिवसांत छोट्या प्रयोगांचा एक महोत्सव होतो. मोठं नाट्यगृह घ्यावं तर ते भरत नाही. म्हणून आम्ही मिळेल ती जागा घेतो. बंद पडलेली मागाची शेड, शाळेतला चित्रकलेचा वर्ग, कुणाची तरी गच्ची, एकदा तर मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर. प्रेक्षक तीसेक. त्यातले दहा कलाकारांचे नातेवाईक, दहा पुढच्या प्रयोगाचे कलाकार आणि उरलेले दहा तुमच्या-माझ्यासारखे, ज्यांच्या हाती घरी टीव्हीचा रिमोट लागत नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला. माणूस सरळ आहे आणि दुसरं काही येत नाही, या दोन कारणांवरून माझ्याकडे दार सोपवलेलं.

त्या टॉवेलवाल्या म्हाताऱ्यांना सगळे आप्पा म्हणायचे. जन्म मंद्रूपकडचा, हयात सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात गेलेली. कारखान्यात ज्या टॉवेलची किनार वाकडी जाते त्याला सेकंड म्हणतात. असे सेकंड टॉवेल मालक आप्पांना प्रेमाने देत असत आणि आप्पा ते कलेला वाहत असत. माझ्याच गल्लीत राहायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "आप्पा, प्रयोग संपल्यावर का नाही देत?"

"अवो, मन भरलं की तवाच उठायचं असतंय. आमच्या गावात भजन असू द्या, लगीन असू द्या, तीच रीत हाय. संपल्यावर काय? संपल्यावर सगळेच उठत्यात की."



पुण्याच्या एका मंडळाचा प्रयोग होता. नायक सुरुवातीलाच मरतो आणि पुढची चाळीस मिनिटं उघडाबंब जमिनीवर पडून राहतो. भोवती बाकीचे बोलत असतात. थंडीचे दिवस, खाली शेडची फरशी. विसाव्या मिनिटाला पिशवी चुरचुरली. आप्पांनी प्रेताच्या छातीवर टॉवेल पसरला, कडा नीट खोचल्या आणि डोकं किंचित उचलून टोपी घातली. प्रेताने डोळे न उघडता "थँक्यू" म्हटलं. नंतरच्या चर्चेत एक प्राध्यापक म्हणाले, की ते टॉवेलचं प्रतीक फारच बोलकं होतं. दिग्दर्शकाने एक क्षण विचार केला आणि म्हणाला, "हो, ते आम्ही मुद्दाम प्रेक्षकावर सोडलंय."

सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ होता तेव्हा कलाकार पडद्यामागे. आप्पाही पडद्यामागे गेले. जंगलातल्या हरणाशेजारी पिशवी घेतलेली एक अगडबंब सावली उभी राहिली आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. एका नर्तकीने तर डोळे मिटूनच शेवटपर्यंत टोपीत नृत्य केलं. मी म्हटलं, "आप्पा, बाईमाणसाला टोपी?" तर म्हणाले, "कलाकाराला बाई-गडी काय लावता?"

पण मुंबईच्या नाटकात मात्र बिनसलं. त्यात एक जुलमी साहेब हाताखालच्या माणसावर अर्धा तास ओरडतो. ऐन ओरडण्यात आप्पांनी त्याला टॉवेल-टोपी केली. तो नट संस्कारी घरातला निघाला. तो वाकून आप्पांच्या पाया पडला आणि उठल्यावर पुढचं सगळं विसरला. टोपीसकट पुन्हा ओरडायला लागला तर लोक हसू लागले. माझ्या मते नाटक तिथून सुधारलं, पण मला कोण विचारतो? मंडळी चिडली. आमचे कार्यवाह त्याहून चिडले आणि "तुमच्या गल्लीतला माणूस आहे, तुम्हीच सांगा," म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आप्पा अंगणात टॉवेलांच्या घड्या घालत बसले होते. मी चहा संपेपर्यंत हवापाण्यावर बोललो आणि कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं, "आजपासून प्रयोग चालू असताना उठायचं नाही, आप्पा. असा नियम झालाय."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या घडीकडे बघितलं.

"बरं. तुमचा कार्यक्रम, तुमचा कायदा."

इतक्या सहज निभावलं म्हणून मी खुशीत घरी आलो. त्या संध्याकाळी कुणाचा प्रयोग आहे हे मी बघायला हवं होतं. ते मी बघितलं नाही, ही चूक माझी.

त्या संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गात आमच्याच पेठेतल्या एका मुलीचा एकपात्री प्रयोग होता. तिची आई विड्या वळते. मुलीने आईवरच प्रयोग बसवला होता आणि आईला तो अजिबात पसंत नव्हता. आपल्या घरच्या विड्या चारचौघांत कशाला, असं तिचं म्हणणं. मामाच्या साड्यांच्या दुकानात मुलीची नोकरी ठरलेली होती. शेवटी आई एवढ्यावर आली होती, की आपल्या पेठेतल्या माणसांना पटलं तर बघू, नाहीतर सोमवारपासून दुकान. पेठेतली माणसं म्हणजे त्या दिवशी दोनच होती, मी आणि आप्पा. आणि माझं मत कुणी धरत नाही हे वर सांगितलंच आहे.

आई मागच्या रांगेत बसली, मुलगी मान खाली घालून फरशीवर. समोर सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही. रिकाम्या हातांनी ती विड्या वळू लागली आणि वळता वळता बोलू लागली. आई रात्री झोपते तेव्हाही तिची बोटं थांबत नाहीत, चादरीची कड वळत राहतात, आणि आम्ही बहिणी लहानपणी ती बोटं धरून ठेवायचो, आईला जरा विसावा मिळावा म्हणून, असं तिने सांगितलं. तेव्हा पिशवी चुरचुरली. आप्पा अर्धे उठले होते. उठता उठता त्यांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, बसा. ते बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले. मी पुन्हा खूण केली. नियम म्हणजे नियम! बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून आणखी काय होणार?

प्रयोग संपला. टाळ्या झाल्या, सगळे उठले. आप्पा पिशवी काखेत मारून कुणाशी न बोलता निघून गेले.

मी खुर्च्या आवरत होतो. मुलगी तिथेच फरशीवर बसून होती आणि आई तिच्याशेजारी उभी.

"आप्पा उठले न्हाईत की," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. सोमवारी काय करायचं ते ठरल्याचा आवाज होता.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, त्यांनी मुडद्याला पण दिला. मला न्हाई दिला."

 मी सगळं सांगून टाकलं, की ते दोनदा उठले होते, मीच बसवलं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायब. पोरीला बरं वाटावं म्हणून बोलताव तुमी." खरं बोलून विश्वास न बसण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. मी खुर्च्या टाकल्या आणि आप्पांच्या मागे धावलो.

ते चौकात चहाच्या गाड्यापाशी सापडले. मी धापा टाकत म्हटलं, "चला, तिला टॉवेल द्या."

आप्पा एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "दोन डाव उठलो. दोन डाव बसवलं तुमी. आता द्या म्हणताय? आता दिला तर पोरीची समजूत घातल्यागत हुईल. त्यो टॉवेल न्हवं, रुमाल झाला डोळं पुसायचा."

"मग काय करायचं?"

आप्पांनी बशीतला चहा संपवला. "परत कर म्हणावं तिला. आत्ताच."

आणि तिने केला. खुर्च्या भिंतीशी रचलेल्या, त्यातल्या दोन परत काढल्या, एक आप्पांना, एक आईला. मी दाराशी. पहिल्यांदा केला त्यापेक्षा घाबरत केला, मधे एकदा चुकलीही. पण चादरीच्या कडेपाशी आली आणि पिशवी चुरचुरली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत राहिलो.

त्यांनी मुलीला टॉवेल घातला, टोपी घातली, हात जोडले. मुलगी थांबली नाही, तिची बोटं चालूच होती. मग आप्पा वळले आणि पिशवीतून दुसरा टॉवेल काढून तो आईच्या खांद्यावर टाकला.

"मूळ काम तुजं हाय," म्हणाले आणि टोपी घातली.

 आईने टॉवेलाच्या टोकाने डोळे पुसले, टोक बोटांत धरून तपासलं आणि म्हणाली, "सूत बरं हाय." सोमवारी साड्यांच्या दुकानाचं नाव कुणी काढलं नाही, पुढच्या सोमवारीही नाही. मी कार्यवाहांना सांगितलं, की नियम पाळणं मला जमत नाही, दार दुसऱ्याला द्या. दुसरा कुणी मिळाला नाही.

वर्षभराने गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलाने आप्पांना पुण्याला नेलं. त्यांच्याशिवायचा महोत्सव कसा झाला म्हणाल, तर वेळेवर झाला. सगळे प्रयोग ठरल्या मिनिटाला संपले आणि मला घरी जावंसं वाटत राहिलं.

त्याच वर्षी मुलीला पुण्यात एका छोट्या सभागृहात प्रयोग मिळाला. आप्पांना तिने फोन केला होता. ते दोन बस बदलून, काठी टेकत निघाले आणि दहा मिनिटं उशिरा पोचले. तिथे प्रयोग सुरू झाल्यावर दार बंद. प्रयोग संपवून मुलगी बाहेर आली तर आप्पा दाराला कान लावून उभे. सगळा प्रयोग त्यांनी तसाच उभ्याने ऐकला होता.

"आप्पा, दार वाजवायचं की!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"वाजवलं असतं तर तू थांबली असतीस," आप्पा म्हणाले.

हे तिने मला फोनवर सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात आप्पा गेले. मला त्यांच्या मुलाचा निरोप आला, पण जाणं झालं नाही. त्याची रुखरुख आहे.

यंदा मुलगी आमच्याकडे नवा प्रयोग घेऊन आली. जागा म्हणजे भर रस्त्यालगतची एक खोली होती. सुरू करायची वेळ झाली तसा मी दार लोटायला गेलो, तर ती आतून म्हणाली, "काका, उघडंच ठेवा."

"अगं, रस्त्याचा आवाज येईल. डास येतील."

"येऊ द्या."

डास आले. रिक्षांचे भोंगे आले, भाजीवाल्याची आरोळी आली, एक कुत्रं येऊन पहिल्या रांगेपर्यंत फिरून गेलं. मी दाराला वीट लावली आणि बाजूला सरकून उभा राहिलो.