सरदारचं शिंग

मिरजगावात हायवेच्या कडेला कानिफनाथ पेंटरचं दुकान आहे. आता तिथं फ्लेक्स छापतात, पण पेंटर हे नाव पुसलं गेलं नाही. ऐन उमेदीत त्यानं रंगवलेल्या भिंती अजून आसपासच्या गावांत उभ्या आहेत. कुठं खताची जाहिरात, कुठं शाळेचा सुविचार. उन्हापावसानं रंग विटला, पण 'श'ची गाठ बघून लोक आजही सांगतात, हा कानिफनाथचा हात. पुढं फ्लेक्स आला, ब्रश वाळले. तो कुढत बसला नाही. मशीन आणलं, कॉम्प्युटरवर माणूस बसवलं.

ते माणूस दिवाळीनंतर चाकणला कंपनीत गेलं आणि दुकान लंगडं झालं. कानिफनाथचा हात आता कापतो. त्यानं माऊस धरला की स्क्रीनवरचा बाण कळप चुकलेल्या कोकरासारखा सैरावैरा पळतो.

"सोमवारपत्तुर डिझायनर मिळाला न्हाई, तर मशीन कर्जतच्या पार्टीला देऊन टाकतो," तो बायकोला, चांगुणाला म्हणाला.

"मिळंल कसा?" चांगुणा म्हणाली. "तुमची परीक्षा कलेक्टरच्या परीक्षेपेक्षा अवघड."

तिचंही बरोबर होतं. कुणी सर्टिफिकेट पुढं केलं की कानिफनाथ ते घडी करून परत द्यायचा आणि विचारायचा, "भाऊसाहेब, अण्णासाहेब आन् दादासाहेब एकाच फ्लेक्सवर आले. मोठा फोटो कुणाचा?" एक जण म्हणाला, "वयानं मोठा असेल त्याचा." त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसरा गिऱ्हाइकासमोरच म्हणाला, "फोटो खराब आहे."

"फोटो न्हाई रं," कानिफनाथ म्हणाला, "त्येंचं तोंड हाय ते." त्यालाही चहा मिळाला.

शनिवारी सकाळी दोघं आले. नगरच्या सावेडीतून स्कूटरवर आलेला राम, दोन वर्षांचा कोर्स केलेला, पाठीला लॅपटॉप. आणि शेजारच्या वस्तीवरची सत्यशीला. तिचे आईबाप दरवर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जात. मोबाईलवर सगळ्या टोळीच्या वाढदिवसांची चित्रं करता करता ती शिकली होती, मग गावच्या क्लासात कॉम्प्युटर. सर्टिफिकेट विचारल्यावर तिनं मोबाईलच पुढं केला.

कानिफनाथ प्रश्न काढणार, तोच कल्याण दारात उभा राहिला. शर्यतीचा बैल पाळणारा गडी.

"पेंटर, उद्या आपल्या सरदारचा वाढदिवस. धा बाय आठचा फ्लेक्स. शुभेच्छुक एक्केचाळीस. दुपारपत्तुर पायजे, न्हाईतर कर्जतला जातो."

कानिफनाथला वाटलं, परीक्षा आपल्या पायानं चालत आली. राम झटकन खुर्चीत बसला. दुकानाचा नियम भिंतीवर लिहिलेलाच होता, कानिफनाथच्या अक्षरात : मानकरी उजवीकडे, शुभेच्छुक डावीकडे. रामनं बैल उजवीकडं घेतला, मागं सोनेरी उजेड सोडला, डावीकडं सरपंचांसकट एक्केचाळीस मुंडकी ओळीनं लावली. तासाभरात असं देखणं काम, की 'सोमवारी ये' हे शब्द कानिफनाथच्या ओठांवर आले.

कल्याणनं मान इकडं कलती केली, तिकडं केली.

"बैल लई देखणा हाय. पन माझा न्हाई."

"तुम्हीच दिलेला फोटो आहे, काका," राम म्हणाला.

"मग मला माझा बैल वळखू येत न्हाई व्हय? पेंटर, जातो मी कर्जतला."

कानिफनाथनं चष्मा पुसून पाहिलं. बैल तोच. पण कुठंतरी बिनसलं होतं आणि नेमकं कुठं ते त्यालाही सापडेना.

"शिंग फिरलंय," मागून सत्यशीला म्हणाली. "मूळ फोटोत वाकडं शिंग उजवं हाय. हितं डावं झालंय."

"आगं व्हय की!" कल्याण ओरडला.

राम ओशाळला. "बैल बाहेर बघत होता. शुभेच्छुकांकडं शेपूट. म्हणून फोटो उलटा केला, आरशात दिसतो तसा."

"शेपटीला सरपंच! बरं केलं उलटा केला," कानिफनाथ पुटपुटला. "पन आता गं?"

"बैल हाय तसा डावीकडं घेऊ. मान्सं उजवीकडं."

कानिफनाथनं भिंतीकडं बोट केलं. "पोरी, मानाची जागा उजवी. पंधरा वर्सं मोडली न्हाई."

सत्यशीलानं कल्याणला विचारलं, "मामा, ह्याला कुठल्या अंगाला जुंपता?"

"डाव्या. उजवीकडं धरला तर पाऊल टाकत न्हाई."

"मग काका, बैल हलत न्हाई. मान्सं हलवू. आन् मानाचं म्हणाल, तर एक्केचाळीस जनांना मिळाला की!"

कानिफनाथनं आपलं अक्षर बघितलं. 'मानकरी'मधला 'क' त्याचा त्यालाच फार आवडायचा.

"हलव," तो म्हणाला.

रामच्या जागी बसून तिनं हलवलं. कल्याणला नवी काळजी. "सरपंच तोंडापुढं आले. वैरणीवानी दिसत्यात." सत्यशीलानं सरपंचांना उचलून शिंगाच्या वर नेलं. कल्याणनं स्क्रीनपुढं हात जोडले. "ह्यो माझा सरदार!"

"तुला दिसलं कसं?" रामनं विचारलं.

"आई-बा उसाच्या फडात गेले की मी बैलांपाशीच. चुकीच्या अंगाला नेला की शेपटीचा फटका बसायचा तोंडावर."

राम मोकळेपणानं हसला. कानिफनाथनं त्याला चहा मागवला. "रंग झकास हाय तुझा. नगरात लई मोठा होशील." चहा म्हणजे काय, हे रामला कुणी सांगायची गरज पडली नाही.

तेवढ्यात चांगुणा फोन घेऊन आली. "कर्जतवाला इचारतोय, टेम्पो कवा पाठवू?"

"त्याला म्हणावं, मशीन हलत न्हाई," कानिफनाथ म्हणाला. मग त्यानं आपलं जुनं स्टूल उचललं आणि कॉम्प्युटरपुढं बसलेल्या सत्यशीलाच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवलं.