तात्यांनी सोलून ठेवलेली भिंत

सोपानतात्या कुणाच्याही घरात शिरले की आधी फरशीवर बसायचे. खुर्ची पुढे केली तरी नाही. हॉलमध्ये मांडी घालून बसणार, मग उठून स्वयंपाकघरात, मग आतल्या खोलीत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बाथरूमच्या उंबऱ्यावरसुद्धा बसले. माझी ऑफिसची बस चुकत होती. शेवटी मी म्हटलं, "तात्या, रंग लावायचाय. बसून काय दिसणार?"

"उभ्यानं फकस्त तुमचा टीव्ही दिसतोय, ताई. घेनाऱ्यासंगं त्येची म्हातारी येती ना, ती बसती. आन् बसली की तिला समदं दिसतंय. टेबलाखालचं जाळं, सिंकखालचा डाग. घर म्हातारी ठरवती, पोरगा निस्त्या सह्या करतोय."

मुळशीतल्या नांदे गावातला आमचा तळमजल्याचा फ्लॅट तीन महिने विकला जात नव्हता. अकरा कुटुंबं बघून गेली होती. "कळवतो" म्हणाली आणि कुणी कळवलं नाही. दिवाळीनंतर नवऱ्याची बदली नाशिकला झाली. आमची सई पहिलीत, तिला तिथल्या शाळेत घातलं, दोघं माझ्या नणंदेकडे राहत होती. हा फ्लॅट विकल्याशिवाय तिकडे घर घेता येणार नव्हतं, आणि नणंदेच्या दोन खोल्यांत आणखी एक माणूस मावणार नव्हता. म्हणून मी इथे. रोज संध्याकाळी सई फोनवर जेवली-खेळली सांगायच्या आधी विचारायची, "आई, विकलं?" मी नाही म्हटलं की फोन बापाकडे देऊन निघून जायची. मग मी या खोलीतून त्या खोलीत फिरत बसायचे. हातात फडकं, पण पुसायचं काय ते कळायचं नाही.

एजंट म्हणाला, छताला पीओपी करा, किचनला नव्या ट्रॉल्या बसवा. तात्यांनी ते ऐकलं आणि हसले. "इकायचं घर हाय का लगीनघर? नवं कायबी करू नगा, हाय त्ये नीट करा."

तात्या मूळचे शेतकरी. गावाबाहेर त्यांची भाताची खाचरं होती, ती गेली आणि तिथे बिल्डिंगा आल्या. बांधकाम चालू असताना ते रोज बांधावर बसून बघायचे. बघून बघूनच रंगकाम, नळकाम, थोडं सुतारकाम शिकले. साठी उलटल्यावर माणूस नवा धंदा शिकतो हे मला फार आवडलं होतं. आमच्याकडे आठ दिवस येत होते. गळक्या नळाला वायसर घातला. दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. बाथरूमच्या टाइल्समधल्या काळ्या रेघा जुन्या टूथब्रशने घासून पांढऱ्या केल्या. स्विचबोर्ड साबणाच्या फडक्याने पुसले, ते मुळात पांढरे होते हे मला त्या दिवशी कळलं. भिंतीतले सव्वीस खिळे उपटून भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. बाल्कनीत सईची मोडकी सायकल, रद्दी, रिकामे डबे होते, ते सगळं बाहेर काढायला लावलं. "बालकनीत उभं ऱ्हाता आलं पायजे. न्हाईतर ती खोली न्हाई, उकिरडा हाय."

एका गोष्टीवरून आमचं वाजलं. हॉलमध्ये समोरच माझा पदवीदानाचा फोटो होता, काळ्या गाऊनमधला, चांगला मोठा. तात्या म्हणाले, हा काढा.

"तात्या, माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी आई अंगठा लावते. तो फोटो मी काढणार नाही."

"मग काढू नगा," तात्या शांतपणे म्हणाले. "पन घेनाराबी कुनीतरी शिकलेला आसंल. त्येला त्येचा फोटो कुटं लावायचा ती जागा दिसाया पायजे का नगं?"

मी रात्रभर फुगून होते. सकाळी फोटो काढून चादरीत गुंडाळला.

मग राहिली ती एक भिंत. आतल्या खोलीची, बाहेरच्या बाजूची. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली, रंगाचे पोपडे आलेले. रविवारी बारावं कुटुंब येणार होतं. एजंट फोनवर म्हणाला, "मॅडम, कपाट सरकवा ना पुढे. कोण बघतंय?" मी शनिवारी लोखंडी कपाट ढकलत ढकलत त्या भिंतीला लावलं. तात्या रंगाचा डबा घेऊन आले, खोलीत बसले, आणि कपाटाच्या पायाशी फरशीवर उमटलेले ओरखडे बघत राहिले.

"झाकलं व्हय?"

"हो."

"कालिजात आसं शिकिवत्यात?"

माझा तोल गेला. "तात्या, तुमचं काय जातंय? माझी पोर तिकडे आहे. मला हे घर विकायचंय, सत्यनारायण घालायचा नाही!"

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, गेले घरी. खिडकीतून पाहिलं तर भिंतीच्या मागच्या बाजूला उकिडवे बसून बोटाने माती उकरत होते. तिथे मी कढीपत्ता, आळू, पुदिना लावला होता, भिंतीला अगदी चिकटून. मातीचा गोळा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हितं पानी कोन वततंय?"

"मीच. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं. वाया कशाला घालवायचं?"

"रोज?"

"रोज. सात वर्षं झाली."

हे सांगताना मला अभिमानच होता. मी धाराशिवकडची. आमच्या गावात टँकर आला की शाळा सुटायची. आई तांदळाचं धुवण दोनदा वापरायची, मग ते दोडक्याच्या वेलाला. पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, हे मी तिच्याकडून घेतलेलं. पगार हातात आला, नळाला चोवीस तास पाणी आलं, तरी ती सवय सोडली नव्हती. शेजारणींना मी ते शिकवायचे सुद्धा.

तात्या खो-खो हसत मातीतच बसले. "आरं देवा! ताई, तुमी मुळशीत यिऊन दुष्काळ पाळला! हितं चार महिनं आभाळ वततंय, आन् ऱ्हायलेलं आठ महिनं तुमी वतताय. भिंतीनं वाळायचं कधी?"

मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही. अकरा कुटुंबं माझ्या काटकसरीने पळवली होती.

उपाय फुकटातला होता. रोपं कुंड्यांत हलवली. भिंतीलगतची माती हातभर खणून काढली, ऊन लागू दिलं. आतून तात्यांनी पोपडे खरवडले, पार विटेपर्यंत. मी म्हटलं, आता लांबी भरा, उद्या माणसं येणार. "न्हाई. वल्या भिंतीवर रंग म्हंजी गळवावर पावडर. सोलून ठिवायची. तीन आठवडं." कपाट त्यांनीच जागेवर नेऊन ठेवलं.

रविवारचं कुटुंब आलं, सोललेली भिंत बघितली आणि गेलं. एजंटने माझा फोन उचलणं बंद केलं. सई म्हणाली, "तू मुद्दाम विकत नाहीयेस." मी तात्यांशी चार दिवस बोलले नाही. ते मात्र रोज संध्याकाळी यायचे, भिंतीला तळहात लावायचे, माझ्याकडे न बघता सांगायचे, "कालच्यापरीस कमी हाय," आणि जायचे. पुढे पुढे मीही ऑफिसातून आल्यावर पर्स खांद्यावरच ठेवून भिंतीला हात लावू लागले. ताप बघावा तसा.

तीन आठवड्यांनी भिंत कोरडी ठणठणीत झाली. तात्यांनी एका दिवसात लांबी भरली, रंग दिला. ओळखू येईना. पुढच्या रविवारी सांगलीकडचं एक जोडपं आलं, बरोबर नवऱ्याची आई. त्या खरोखरच आतल्या खोलीत फरशीवर बसल्या. तात्या तिथे नव्हते. भिंतीतली जुनी ओल मी सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नव्हती. तरी मी सांगून टाकलं. इथे ओल होती, माझ्यामुळे होती, भिंतीलगत पाणी टाकू नका.

आजींनी भिंतीला हात लावला. "आमच्याकडे कृष्णेच्या पुरात भिंती पडल्या बाई. ही ओल म्हणजे काय!" मग सुनेला म्हणाल्या, "बघ गं, देव इथे बसतील का?" मला तिथेच कळलं, घर विकलं गेलं. संध्याकाळी सईला सांगितलं, तर त्या दिवशी तिने फोन बापाकडे दिला नाही.

सामानाचा टेम्पो भरून झाला त्या सकाळी तात्या आले. "घोटभर च्या घ्या की आमच्याकडं. सात वर्सात आला न्हाई." सईचे तीन फोन येऊन गेले होते, ड्रायव्हर घाई करत होता. तरी मी गेले. रस्त्यापलीकडेच घर. मी बघतच राहिले. दाराची बिजागरी किंचाळली. भिंतीचे पोपडे लोंबत होते. नळाखाली बादली, त्यात थेंब थेंब.

"तात्या, हे काय? गावाची घरं तुम्ही नीट करता!"

त्यांनी आत वाकून बघितलं, त्यांचा मुलगा घरात नाही याची खात्री केली. "ह्येवढंच ऱ्हायलंय माजं. नीट केलं की गिऱ्हाईक येतंय. पोरगं एजंटाला घिऊन दोनदा आलं, म्हातारी मानसं भिंतीकडं बगून पळाली." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "मला समदी जातानाच बोलावत्यात, ताई. ऱ्हायाला कुनी घर नीट करत न्हाई. जावा आता, पोर वाट बगती."

चहा गरम होता, मी तो घाईत प्यायले. नीट बोलले नाही, पाया पडायचंही राहिलं. टेम्पोत बसल्यावर आठवलं.

गेल्या वर्षी जुन्या शेजारणीचा फोन आला. तात्या गेले, झोपेतच. हळहळून झाल्यावर ती म्हणाली, "तेराव्यानंतर मुलाने माणसं लावलीत. घर आतून-बाहेरून रंगवतोय. छान दिसायला लागलंय अगदी."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.